पानं गळल्याचे पेढे

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी साहेब आमच्याच इमारतीत राहत होते म्हणून टाळलं, मग मुलीकडे ठाण्याला राहायला गेले म्हणून टाळलं. आता ते नाहीत, आणि टाळायला निमित्त उरलेलं नाही. गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला. खाली चेअरमनने लिहिलं होतं, 'थोर वृक्षप्रेमी हरपले'. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले. मग फोन बाजूला ठेवला आणि असा संताप आला की बायकोने विचारलं, बीपीची गोळी घेतलीत ना.

ते वृक्षप्रेमी नव्हते. झाडांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. सोसायटीने वृक्षारोपण केलं त्या दिवशी ते खाली उतरलेसुद्धा नाहीत. वरून म्हणाले, खड्डे उथळ आहेत, महिन्यात मरतील. आणि मेली. त्यांच्याकडे एक झाड होतं. एकच. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर, केमिकल कंपनीतून आणलेल्या निळ्या पिंपाच्या खालच्या अर्ध्यात, नऊ वर्षं. ते झाड ज्यांनी घालवलं तेच आता हात जोडत होते, आणि त्यांच्यात पहिला मी होतो.

शोकसभेनंतर मी कमिटीला पत्र दिलं, की सहा वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात एक नोंद खोटी आहे, ती मीच लिहिली होती, ती दुरुस्त करा. आताचा सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याने पत्र वाचलं आणि हसला. "काका, इतिवृत्त एकदा कायम झालं की झालं. झाड गेलं, तेही गेले. आता कोणाला पडलंय?" असं म्हणून त्याने माझं पत्र घडी घालून मलाच परत दिलं. म्हणून इथे लिहितोय.

मी त्यांना साहेब म्हणायचो. वागळे इस्टेटमध्ये आमची सुटे भाग बनवण्याची कंपनी होती, तिथे ते इन्स्पेक्शनचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी. लोक पेन ठेवतात तिथे हे पट्टी ठेवायचे. 'साधारण', 'अंदाजे', 'असेल' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. कोणी काही सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बघितलंत, की समजलात?" म्हणजे डोळ्यांनी पाहिलं आहे की मनाने धरून चाललात? कंपनीच्या मालकालासुद्धा त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. झाडूवाल्यालाही अहो-जाहो करायचे, आणि मालकालाही तितकंच, त्याहून जास्त नाही.

माणूस सोपा नव्हता. लग्नाच्या पत्रिकेवर सकाळी साडेदहाचा मुहूर्त असेल तर हे दहा पंचवीसला हॉलवर हजर. तिथे सतरंज्याही अंथरलेल्या नसायच्या. मग साडेदहाला मुहूर्त लागला नाही की आहेराचं पाकीट कोणाच्या तरी हातात देऊन न जेवता परत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात हेच केलं. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझा तो साहेब, उपाशी गेला मेला आमच्या दारातून.

आमच्यात जे घडलं ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. एका शुक्रवारी बुशांचे, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या छोट्या धातूच्या नळ्यांचे, बारा ट्रे तपासायचे होते. मी नऊ तपासले आणि बाराही ट्रेंवर शिक्का मारला. उरलेल्या तिनांत काही वाईट नव्हतं, हे विशेष. माल चांगला निघाला. पण साहेबांनी माझ्या टेबलाशी उभं राहून फक्त वेळ मोजला होता. एवढ्या वेळात बारा ट्रे होऊच शकत नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्या सहीशेजारी तांबड्या शाईने लिहिलं: 'न बघता सही.' ओरडले नाहीत, मॅनेजरकडे गेले नाहीत. मी दोन दिवस मागे लागलो, तेवढं खोडा. ते म्हणाले, "खोडायचं असतं तर लिहिलंच नसतं." त्या तीन शब्दांपायी माझं सुपरवायझर होणं लांबलं आणि माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्या वर बसला. पुढे मी झालो सुपरवायझर, साहेबांनीच शिफारस केली होती. पण ती तांबडी शाई माझ्या पोटातून गेली नाही.

निवृत्त झाल्यावर योगायोगाने त्यांनी आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कोणी तयार नसतं. लोकांना मी मोठ्या कौतुकाने सांगायचो, हे आमचे साहेब. खोटं कौतुक नव्हतं ते. माणसाला एकाच माणसाबद्दल आदर आणि डूख दोन्ही असू शकतात, हे मी स्वतःवरूनच सांगतो.

आता झाड. कंपनीत परदेशातून आलेल्या मशीनबरोबर हत्यारांची एक पेटी होती. तिच्यात लाकडी हातोडा होता. वागळे इस्टेटच्या त्या शेडमध्ये पावसाळ्यात लोखंड टिकायचं नाही, दारं फुगायची, आणि या हातोड्याची मूठ जशी होती तशी. दरवर्षी पावसाळा संपला की साहेब व्हर्निअरने मूठ मोजायचे आणि वहीत आकडा टाकायचे. बावीस वर्षं. मशीन दुरुस्तीला परदेशी फिटर आला तेव्हा त्याच्याकडून लाकडाचं नाव कागदावर लिहून घेतलं: रोबिनिया. तिकडच्या थंड मुलखातलं झाड. आपल्या हिमाचलातही रस्त्याकडेला लावलेलं असतं. भाचा तिकडे नोकरीला होता, त्याच्याकडून निवृत्तीनंतर मूठभर शेंगा मागवल्या. बी मटकीहून जरा मोठं, पण टणक. साहेबांनी वीस बिया घेतल्या, प्रत्येकीची पाठ बारीक कानशीने घासली, मग गरम पाण्यात टाकल्या. सात उगवल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर एक उरली.

लोक गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की बघायचे. पानं शेवग्यासारखी, पण प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन काटे. वॉचमन त्याला काटेवाला शेवगा म्हणायचा. संध्याकाळ झाली की पानं मिटून खाली लोंबायची. पिंप सहा विटांवर ठेवलेलं, म्हणजे स्लॅबला ओल लागायला नको. बुडाला भोकं, सगळी एका मापाची, कंपनीतल्या ओळखीने ड्रिलवर पाडून आणलेली. पावसाळ्यात मातीवर पत्र्याचं झाकण, कारण या झाडाला ओल मारते, कोरडेपणा मारत नाही. एक वर्षाआड ते अख्खं झाड उपसायचं, मुळं करवतीने तिसरा हिस्सा कापायची आणि परत लावायचं. माती म्हणजे निम्मी वाळू आणि विटांचा चुरा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी प्रेमाने गांडूळखत आणून दिलं तर परत पाठवलं. "याला जेवण वाढावं लागत नाही. हे स्वतःचं स्वतः शिजवून खातं. माझ्यासारखं." बायको गेल्यापासून साहेब स्वतःच स्वयंपाक करायचे. वहिनी दुखावल्या आणि पुढे कमिटीत गच्ची रिकामी करायच्या ठरावाला त्यांनी पहिला हात वर केला.

एकदा मी विचारलं, याला फुलं कधी येणार. इथे बहुधा कधीच नाही, म्हणाले. मग कशाला एवढा उपद्व्याप, असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे, ट्रे न तपासणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. "अहो, हे झाड हिवाळ्यात झोपतं. पानं टाकतं आणि झोपतं. मग उन्हं वाढली की जागं होतं. आपल्याकडे थंडीच नाही, त्यामुळे हे जन्मल्यापासून जागं आहे. त्याला एकदा झोप लागलेली मला बघायची आहे. आणि उठलेलं बघायचं आहे. बस."

त्यासाठी त्यांनी काय केलं हे आमच्या इमारतीत अजून हसत हसत सांगतात. डिसेंबर लागला की पिंप पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, सावलीत सरकवायचं. पाणी तोडायचं. आणि सकाळ-संध्याकाळ मातीवर बर्फ. स्वतःच्या फ्रिजचा पुरायचा नाही, म्हणून चार घरी ट्रे ठेवलेले. आमच्याकडेही एक. दार वाजलं की बायको म्हणायची, झाडाचा बर्फ न्यायला आले. मातीत थर्मामीटर खोचलेला, शेजारी वही. अशी आठ वर्षं गेली. दरवर्षी थोडी पानं पिवळी व्हायची, बाकीची निर्लज्जपणे हिरवी राहायची.

नवव्या वर्षी जानेवारीत सगळी पानं गळली. एकूण एक. साहेबांनी पावकिलो पेढे आणले आणि घरोघरी वाटले. कशाचे पेढे, म्हणून विचारलं की सांगायचे, "पानं गळली." मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. लोकांनी पेढे खाल्ले आणि दार लावून पोट धरून हसले. झाड मेल्याचे पेढे वाटणारा माणूस प्रथमच पाहिला, असं चेअरमन जिन्यात म्हणाला. मीही हसलो.

त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळे, मध्ये काही दिवस सोडून, म्हणून तीन आठवडे मुलीकडे ठाण्याला. जाण्याआधी मला गच्चीवर घेऊन गेले. म्हणाले, पाणी अजिबात घालू नका, बर्फही आता नको, नुसतं राहू द्या. फाल्गुनात फांद्यांना डोळे फुटतील तेव्हा मी आलेला असेन. मी सहज विचारलं की झोपलंय की मेलंय हे कळणार कसं. त्यांनी एका फांदीची साल नखाने जराशी खरवडली. खाली हिरवं होतं, ओलसर, चकचकीत. "हे बघा. मेलेलं असतं तर कोरडं, तपकिरी दिसतं. तुम्ही खरवडा." मी दुसरी फांदी खरवडली. हिरवं. "आता तुम्ही बघितलंय," म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

बघितलंय. हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे.

ते गेले आणि चार दिवसांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. गळती माझ्याच बेडरूममध्ये होती, तेव्हा घाई मलाच होती. कमिटीने ठराव केला: जिवंत झाडांच्या कुंड्या खाली कंपाउंडमध्ये ठेवायच्या, काम झालं की परत वर आणायच्या, वाळलेली झाडं आणि अडगळ यांची विल्हेवाट लावायची. कुठलं जिवंत आणि कुठलं वाळलेलं याची यादी सेक्रेटरीने करायची.

मी कागद-पेन घेऊन गच्चीवर गेलो. एकूण एकवीस कुंड्या. वाळून काडी झालेल्या दोन तुळशी जिवंत लिहिल्या, कारण तुळशीला मेलेली कोण लिहिणार. चेअरमनच्या बायकोने आणून ठेवलेलं प्लास्टिकचं पामचं झाड होतं, तेही जिवंतांत घातलं, कारण चेअरमनच्या बायकोचं होतं. मग त्या निळ्या पिंपाशी आलो. माझ्याच नखाचा ओरखडा तिथे होता, कडेने जरा सुकलेला. मी पुन्हा खरवडलं. पुन्हा हिरवं.

आणि मी लिहिलं: 'एक मोठे झाड, मृत.'

का, असं लोक विचारतील. उत्तर लाजिरवाणं लहान आहे. पिंप जड होतं, चार मजले उतरवायला मजूर कुरकुरत होते, कंत्राटदार खाली थांबला होता, हे सगळं खरं. पण हे कारण नव्हे. पेन टेकवताना माझ्या डोळ्यांसमोर तांबडी शाई होती. बघून खोटी सही करायला काय वाटतं ते मला एकदा करून बघायचं होतं, त्यांच्याच झाडावर. इतकं क्षुद्र. साठी उलटलेला माणूस, नातवंडं असलेला. फोन करून विचारता आलं असतं, नंबर पाठ होता. उचलला असता तर ते एवढंच म्हणाले असते की खाली उतरवा, हमाली मी देतो. म्हणूनच केला नाही.

मजुरांनी झाड जिन्यातून न्यायला सोपं जावं म्हणून गच्चीवरच तोडलं. मी तिथेच उभा होतो. करवत चालेना; लाकूड फार टणक. वॉचमन बुंध्यावरून बोट फिरवत म्हणाला, "सेक्रेटरी साहेब, हे ओलं आहे हो आतून." कापलेल्या कडेला सालीखाली हिरवं कडं दिसत होतं, मलाही आणि त्यालाही. मी म्हणालो, टाकीजवळ होतं, पाझरलं असेल. पगार सोसायटी द्यायची, तो काय बोलणार.

साहेब आले ते काळा चष्मा लावून, रिक्षातून. सामान खालीच ठेवून थेट गच्चीवर गेले. मग माझ्या दारात आले. मी आयुष्यात कधी इतका घाबरलो नाही. ओरडतील, कमिटी बोलावतील, कोर्टात जातील, अशी सगळी तयारी मी मनात केली होती. मी ठरावाची प्रत पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"बघितलंत, की समजलात?"

"बघितलं," मी म्हणालो.

"नखाने?"

"हो. कोरडं होतं."

"किती ठिकाणी?"

"तीन फांद्या. आणि बुंध्याजवळ."

"आत रंग?"

"तपकिरी."

सगळी उत्तरं मी बरोबर दिली. तपासणी कशी सांगायची हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पस्तीस वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता. म्हणाले, "चांगलं तपासलंत. मग चूक माझीच."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी वाचलो असतो. भांडलो असतो, आणि भांडणात खरं तोंडातून बाहेर पडलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. माणसावर नाही, तपासणीवर. तपासून लिहिलेली गोष्ट खोटी असू शकते हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. त्यांच्या या मूर्खपणाचाही मला राग येतो, आजही. एवढा कडक माणूस, मालकाला उलटं विचारणारा, आणि माझ्यासारख्याच्या चार शब्दांवर नऊ वर्षं सोडून दिली.

पुढच्या सर्वसाधारण सभेत नेहमीप्रमाणे पहिला विषय होता मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मीच वाचलं. 'एक मोठे झाड, मृत, विल्हेवाट लावली.' कोणाची हरकत आहे का, असं विचारायची पद्धत असते; कोणी कधी हरकत घेत नाही. साहेब उठले. ते म्हणाले, हरकत नाही, फक्त नोंद करा की झाड सभासदाच्या चुकीने मेलं. मी पाणी पूर्ण तोडायला नको होतं. समितीला माझ्यामुळे तसदी पडली, क्षमस्व. मागून कोणीतरी म्हणालं, पेढे मात्र छान होते साहेब. सगळे हसले. साहेब बसले. इतिवृत्त कायम झालं, हात वर करून, एकमताने, त्यांच्या हातासकट.

क्षमा त्यांनी मागितली. मी ती लिहून घेतली.

त्यानंतर त्यांनी काही लावलं नाही. उरलेल्या बिया होत्या, त्या भाच्याला परत पाठवल्या. वर्षभरात जागा भाड्याने देऊन मुलीकडे गेले. मी दोनदा भेटायला निघालो आणि ठाणे स्टेशनबाहेरून परत आलो. तिसऱ्यांदा, गेल्या दिवाळीनंतर, पोचलो.

बारीक झाले होते. पण मला बघून इतका आनंद झाला की मुलीला हाक मारून म्हणाले, हे आमचे, यांच्यासारखा तपासणारा मी दुसरा तयार केला नाही. मग मला जवळ बसवून झाडाचं सांगायला लागले. सहा वर्षं त्यावर विचार केला होता. हिमाचलातल्या कोणा शिक्षकाला कुंडीत रोबिनिया वाढवायचा होता, त्याला पत्र लिहून कळवलं होतं की हिवाळ्यात पाणी पूर्ण तोडू नका, माझं झाड तसंच मेलं. म्हणजे माझं खोटं तिथवर पोचलं होतं. कोणीतरी परका माणूस माझ्या नोंदीवर विसंबून झोपलेल्या झाडाला पाणी घालत होता आणि कुजवत होता.

मी तोंड उघडलं. वाक्य बसमध्येच पाठ केलं होतं, तीनच शब्दांचं: मी खोटं लिहिलं. मुलीने चहा आणला. चहा संपला. ते मला दारापर्यंत सोडायला आले, भिंतीला धरत, आणि तिथे थांबून म्हणाले, "तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात."

मी हो म्हणालो.

ते वाट बघत उभे राहिले. घाई नव्हती त्यांना. समोरचा माणूस बोलेपर्यंत थांबायची त्यांची जुनी सवय.

"तब्येतीला जपा," मी म्हणालो.